हक्क जपण्याचा, हाकलण्याचा नव्हे

पडेगावात जागेवरून भांडण लागले की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. ‘जागा सरकारी आहे’ हे एक आणि ‘जागा देवाची आहे’ हे दुसरे. पहिले वाक्य नोटीस घेऊन आलेला माणूस बोलतो, दुसरे पावतीपुस्तक घेऊन आलेला. पुढे कोणी काही विचारू नये, हा दोघांचाही हेतू. सरकारचे नाव निघाले की झोपडीवाल्याने गप्प बसायचे, देवाचे नाव निघाले की शेजाऱ्याने. मला ही दोन्ही वाक्ये मान्य नाहीत. जागा सरकारच्या नावावर आहे म्हणून तिच्यावर पिढ्या काढलेल्या माणसाचा हक्क संपत नाही, आणि जागेवर देव आहे म्हणून ती देवाच्या नावाने पावती फाडणाऱ्याची होत नाही. पवित्र जागेवर समाजाचा हक्क असतो आणि कायद्याने मानावा इतका तो खरा असतो. मात्र तो हक्क जागा जपण्याचा आहे, दुसऱ्याला हाकलण्याचा नव्हे. हेच मला इथे सिद्ध करायचे आहे.

औरंगाबादेत छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते, पुढे मिटमिटा आणि शरणापूर. एके काळचे गाव आता महापालिकेच्या हद्दीतली वस्ती झाले आहे. शेतांचे तुकडे पडले, बाँडपेपरवर गुंठा-दोन गुंठे विकले गेले, गुंठेवारीच्या वसाहती उभ्या राहिल्या. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा राज्याने २००१ साली केला आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. नाल्याकाठच्या पत्र्याच्या घराला आज जे अतिक्रमण म्हणतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या पक्क्या घरालाही कायद्याचे छत्र असे उशिरानेच मिळाले आहे. हा उशीर सरकारने माफ केला, आणि योग्यच केले. प्रश्न एवढाच की गुंठेवारीवाल्याला मिळालेली माफी गायरानावरच्या भूमिहीनाला का मिळू नये?

आता विरोधकांचे म्हणणे एकेक करून पाहू.

पहिला पक्ष सातबाऱ्याचा. तो म्हणतो, सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची जमीन, बाकी सगळे अतिक्रमण. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण मराठवाड्यातल्या जमिनीचा इतिहास ज्याला माहीत आहे तो असे बोलणार नाही. आपल्याकडे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे राज्य होते. आजच्या नोंदींचा पाया असलेले खासरा पत्रक तयार झाले ते १९५४-५५ च्या सुमारास. त्या वेळी चावडीवर उभे राहून ‘हे शिवार मी कसतो’ असे सांगण्याची हिंमत कोणाची होती? पाटलाच्या वाड्यासमोरून चप्पल हातात घेऊन जाणाऱ्याची होती का? त्याचे नाव कागदावर आले नाही, ते तो तिथे नव्हता म्हणून नव्हे. लिहिणाऱ्याने त्याला विचारलेच नाही म्हणून. अशा कागदाला शेवटचा साक्षीदार मानणे म्हणजे जुना अन्याय नव्या शिक्क्याने पक्का करणे आहे.

शिवाय कायदा खुद्द सातबाऱ्यापाशी थांबत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ५० सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार देते, आणि लगेच पुढचे कलम ५१ तेच अतिक्रमण नियमित करण्याचा अधिकार देते. पन्नासावे कलम सगळ्यांना पाठ आहे, एक्कावन्नावे कोणी वाचत नाही. दादासाहेब गायकवाडांनी मराठवाड्यात १९५३ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि १९६४ साली तो देशभर नेला. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, एवढीच मागणी होती. तिच्यासाठी लाखोंनी तुरुंगवास पत्करला. त्या लढ्याचे फळ म्हणून राज्याला निर्णय घ्यावे लागले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसत असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानाने हा निर्णय कागदावरून बांधावर आणण्यासाठी आयुष्य वेचले. गायरानावरचा माणूस कायद्याच्या बाहेर उभा आहे ही समजूत म्हणूनच खोटी आहे. कायद्याने त्याला दारापर्यंत बोलावले आणि दार उघडले नाही, ही खरी गोष्ट आहे.

या लढ्याचा पुरावा पाहायचा असेल तर गायरानावर राहणाऱ्या कोणत्याही जुन्या घरातली पत्र्याची पेटी उघडायला सांगा. तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या फोटोंखाली, दंडाच्या पावत्या सापडतात. घडीवर विरलेला पातळ कागद, फिकट झालेली शाई, तलाठ्याची सही. सरकारी जमीन बेकायदा कसल्याबद्दल झालेला हा दंड. चोरीचा दंड भरल्याची पावती कोणी जपून ठेवत नाही. ही माणसे ठेवतात, कारण त्यांना पक्के ठाऊक आहे की त्या साली आपण इथे होतो याची कबुली सरकारने फक्त या कागदावर दिली आहे. तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, हीच त्यांची वंशावळ. सरकारने वर्षानुवर्षे दंड घ्यायचा, नोंद करायची, आणि एक दिवस ‘तुम्ही इथे नव्हतातच’ म्हणायचे, याला कोणत्या न्यायात जागा आहे?

पहिल्या पक्षाचे हुकमी पान म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्यातला निकाल. सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढा, असे न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले आणि त्यावरून महाराष्ट्राने १२ जुलै २०११ चा निर्णय काढला. पुढे २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. राज्यातली गायरानावरची अतिक्रमणे दोन लाखांवर असल्याचे पुढे आले आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. पण मूळ खटला कशाचा होता? पटियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावच्या तळ्याचा. गावाचे तळे बुजवून त्यावर बांधकाम केले गेले होते, त्या दांडगाईविरुद्ध तो निकाल आहे. त्याच निकालात न्यायालयाने अपवादही लिहून ठेवला: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने जमीन दिली असेल, किंवा जागेवर शाळा-दवाखाना उभा असेल, तर अपवाद म्हणून नियमित करता येईल. दांडग्यांच्या विरोधात दिलेला निकाल दुबळ्यांच्या विरोधात वाचला जातो आणि अपवादाची ओळ गाळली जाते, हा वाचणाऱ्यांचा दोष आहे, न्यायालयाचा नव्हे.

‘जागा सरकारी आहे’ या वाक्याचा चटका पडेगावाने स्वतः सोसला आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी वर्षानुवर्षांच्या कचऱ्याच्या डोंगराविरुद्ध रस्ता अडवला आणि शहराचा कचरा जायचा कुठे हा प्रश्न पडला. गाड्या आपल्या बाजूला वळल्या. ७ मार्च २०१८ रोजी पडेगाव-मिटमिट्यात दगडफेक झाली, लाठीमार झाला, पोलीस घराघरांत शिरले, त्याची चित्रफीत राज्याने पाहिली आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले. त्या आठवड्यात आपण सगळे काय विचारत होतो? आम्हाला न विचारता आमच्या दारात कचरा आणलाच कसा, हेच ना? जागा कोणाच्या नावावर आहे हा मुद्दा तेव्हा आपल्याला पटला नव्हता. तिथे राहणाऱ्याला विचारले का, हा आपला मुद्दा होता आणि तो बरोबर होता. २०२५ च्या पावसाळ्यात रस्ते रुंद करण्यासाठी महापालिकेचे बुलडोझर फिरले तेव्हा पडेगाव-मिटमिट्याच्या रस्त्याने पुन्हा तेच अनुभवले. जो न्याय आपण कचऱ्याच्या आणि बुलडोझरच्या वेळी मागितला, तो गायरानावरच्या माणसाला नाकारायचा असेल तर आपली ती मागणी न्यायाची नव्हती, सोयीची होती असे ठरेल. मला ती न्यायाची ठरवायची आहे.

दुसरा पक्ष श्रद्धेचा. तो म्हणतो, श्रद्धेला पुरावा लागत नाही. देव जिथे आहे ती जागा देवाची. हा पक्ष मंदिरवाल्यांचा, मशीदवाल्यांचा, दर्ग्याचा, विहाराचा, कोणाचाही असू शकतो. त्याची चाल सगळीकडे सारखी आहे. लेआउटमध्ये मुलांसाठी सोडलेली खुली जागा असते. कडुनिंबाखाली एक दगड असतो, त्याला कोणीतरी शेंदूर लावतो. वर्षभरात दगडाभोवती ओटा होतो. मग पावसाचे कारण सांगून चार लोखंडी पाइप आणि वर पत्रे येतात. मग फरशी, मग विजेचे कनेक्शन, मग नगरसेवकाच्या नावाची कमान. मग मागच्या बाजूला ‘देवस्थानच्या खर्चासाठी’ दोन गाळे निघतात आणि त्यांचे भाडे कोणाकडे जाते हे विचारणारा धर्मद्रोही ठरतो. हिरव्या चादरीने किंवा पंचरंगी झेंड्यानेही हीच वाट धरली जाते. झाडाखालच्या दगडाला हात जोडणाऱ्या म्हातारीची श्रद्धा खरी असते. गाळ्याचे भाडे घेणाऱ्याचा दावा तिच्या श्रद्धेच्या आडोशाने उभा असतो.

या पक्षाला कायद्यानेही उत्तर दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी स्पष्ट आदेश दिला की रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च किंवा गुरुद्वाराच्या नावाने यापुढे एकही अनधिकृत बांधकाम होता कामा नये. आपल्या शहरात २०१७ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर महापालिकेने धार्मिक स्थळांवर कारवाई सुरू केली तेव्हा यादी अकराशेच्या घरात होती. यादी एवढी लांबली, कारण दगडाच्या वेळी, ओट्याच्या वेळी, पत्र्याच्या वेळी कोणी बोलले नव्हते. बोलायचे ते शेजाऱ्यांनी, आणि शेजारी भीतीने गप्प होते.

पण माझा मुख्य आक्षेप कायद्याचा नाही. श्रद्धेला पुरावा लागत नाही असे जे म्हणतात ते श्रद्धेचा अपमान करतात, असे माझे म्हणणे आहे. खरी पवित्र जागा पुराव्याला घाबरत नाही, कारण तिच्या अंगाखांद्यावर पुरावाच असतो. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे. दर वर्षी जानेवारीत इलाख्यातली गावे तिथे यात्रेला जमतात. तिथे कळस नाही, कमान नाही. तरी त्या डोंगराचे पावित्र्य कोणी नाकारू शकत नाही, कारण पिढ्यांनी चढलेल्या वाटा आहेत, ठरलेला दिवस आहे, गायत्यांचा, म्हणजे गावपुजाऱ्यांचा, ठरलेला मान आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांनी नियमराजाचा डोंगर बॉक्साइटच्या खाणीपासून वाचवला तोही पुराव्यानेच. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले की लोकांचे धार्मिक हक्क बाधित होतात की नाही हे ग्रामसभांनी ठरवावे. मग भरपावसात बारा ग्रामसभा झाल्या, जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर झाल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. श्रद्धेने तिथे साक्ष दिली, उलटतपासणी सोसली आणि ती जिंकली.

आपल्याच देशाचा वनहक्क कायदा ही साक्ष कशी घ्यायची ते सांगतो. २००६ च्या या कायद्याखालच्या नियमांत पुरावा म्हणून काय चालेल याची यादी आहे. पवित्र झाडे, देवराया, तळी, दफनभूमी आणि स्मशाने, जुन्या बांधकामांचे अवशेष आणि गावातल्या वृद्धांचे लिहून घेतलेले जबाब हे सगळे त्यात आहे. एका बाजूला सातबारा आणि दुसऱ्या बाजूला नुसती भावना, अशी निवड करण्याची वेळ आपल्यावर मुळीच आलेली नाही. मधला रस्ता कायद्याने आखलेला आहे. खंत एवढीच की तो वनजमिनीपाशी संपतो. जंगलातल्या म्हाताऱ्याचा शब्द पुरावा ठरतो, गायरानावरच्या म्हाताऱ्याचा ठरत नाही.

तिसरा पक्ष दोन्ही पक्षांपेक्षा हुशार आहे. तो म्हणतो, हवाई बेटांवरच्या मूळ रहिवाशांनी डोंगराला पवित्र म्हटले की तुम्ही लेख लिहून पाठिंबा देता, आणि आम्ही आमच्या कॉलनीतल्या मंदिराला पवित्र म्हटले की अतिक्रमण म्हणता. हा दुटप्पीपणा नव्हे काय? प्रश्न गंभीर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर दिले पाहिजे.

मौना केआ हा हवाईचा सर्वांत उंच डोंगर, समुद्रसपाटीपासून ४,२०५ मीटर. तिथल्या मूळ लोकांसाठी तो पूर्वजांचे स्थान आहे. त्याच्या माथ्यावर दुर्बिणी आहेत आणि तीस मीटर व्यासाची आणखी एक प्रचंड दुर्बीण उभारायचे ठरले. या प्रकल्पात भारताचाही वाटा आहे आणि आपल्या तीन सहभागी संस्थांपैकी एक पुण्याची आयुका आहे. म्हणून हा वाद परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. १७ जुलै २०१९ रोजी डोंगराच्या वाटेवर बसलेल्या तीसहून अधिक वृद्धांना तिथल्या पोलिसांनी अटक केली. तिथेही सरकारचे वाक्य तेच होते: जागा सरकारी आहे. पण ती सरकारी झाली कशी? १८९३ साली अमेरिकी व्यापारी आणि सैनिकांच्या बळावर हवाईची राणी पदच्युत झाली आणि राजघराण्याच्या व राज्याच्या जमिनी पुढे अमेरिकेकडे गेल्या. बरोबर शंभर वर्षांनी, १९९३ साली, अमेरिकी संसदेने ठराव करून या कृत्याबद्दल माफी मागितली. जमीन मात्र परत केली नाही. माथ्याभोवतीची जमीन १९६८ साली विद्यापीठाला ६५ वर्षांच्या पट्ट्याने दिलेली आहे.

आता कॉलनीतल्या शेडशी तुलना करा. मौना केआचे लोक मोकळा माथा मोकळा ठेवा म्हणतात, शेडवाले मोकळी जागा भरू द्या म्हणतात. ते तिथे सरकारच्या आधीपासून आहेत, आपले शेड लेआउट मंजूर झाल्यानंतर आले. ते सत्तेविरुद्ध बसले, आपल्या शेडच्या कमानीवर सत्तेचे नाव आहे. दोन्हीकडे ‘पवित्र’ म्हटले म्हणून दावे एकसारखे होत नाहीत. आणि हाच निकष उलटही लावा. पडेगावच्या आसपास मौना केआच्या लोकांशी कोणाचे नाते जुळते? ज्यांना विचारल्याविना कागद लिहिले गेले, ज्यांच्या स्मशानाला आजही गावाच्या हद्दीबाहेरच्या गायरानाचाच आधार आहे, ज्या मरीआईवाल्यांनी देवी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरण्यात आयुष्य घालवले आणि म्हणून ज्यांच्या देवाला सर्व्हे नंबरच मिळाला नाही, त्यांच्याशी. दूरच्या डोंगरासाठी हळहळणाऱ्याने आधी या लोकांकडे पाहावे.

हवाईतलेच आणखी एक उदाहरण माझा मुद्दा पूर्ण करते. काहोओलावे हे तिथले एक लहान बेट. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकी नौदल त्याच्यावर बाँबफेकीचा सराव करत होते. १९७६ च्या जानेवारीत काही मूळ रहिवासी बंदी मोडून बेटावर उतरले. सरकारच्या दृष्टीने ते अतिक्रमणच होते. पुढच्या वर्षी जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल हे दोन तरुण त्या समुद्रात बेपत्ता झाले. १९९० साली बाँबफेक थांबली, १९९४ साली बेट हवाई राज्याकडे परत आले. आणि बेटाचे काय केले गेले? कायद्याने बेट सांस्कृतिक आणि धार्मिक कारणांसाठी राखून ठेवले आणि तिथे व्यापारी वापराला पूर्ण बंदी घातली. ज्या जागेसाठी माणसे गेली, तिच्यावर एक दुकानही निघू दिले नाही. जागा पवित्र आहे असे ज्यांना खरेच वाटते ते तिच्यातून भाडे काढत नाहीत.

चौथा पक्ष विकासाचा. तो म्हणतो, असे प्रत्येकाचे ऐकत बसलो तर रस्ता होणार नाही, कारखाना होणार नाही, दुर्बीणही होणार नाही. पण कामे खरोखर कशाने अडली ते पाहा. मौना केआच्या दुर्बिणीची परवानगी २०१५ च्या डिसेंबरात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कारण असे की आक्षेपांची सुनावणी होण्याआधीच परवानगी देऊन टाकली होती. रीतसर सुनावणी झाल्यावर २०१८ साली त्याच न्यायालयाने परवानगी उचलून धरली, पण तोपर्यंत विश्वास तुटला होता आणि पुढच्याच वर्षी वृद्ध रस्त्यावर येऊन बसले. सुरजागडच्या खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी २०२२ साली झाली ती डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीत. पडेगावात २०१८ साली कचऱ्याच्या गाड्या आधी आल्या, बोलणी नंतर सुरू झाली. आधी ठरवायचे आणि मग विचारायचे, ही रीत काम अडवते. ऐकून घेतल्याने काम अडत नाही.

खंडन इथे संपते. आता मी काय म्हणतो ते मांडतो. जागेचा कोणताही दावा, मग तो घराचा असो की देवाचा, सरकारचा असो की कंपनीचा, चार कसोट्यांवर तपासावा.

पहिली कसोटी काळाची. कोण केव्हापासून इथे आहे? त्यासाठी सातबारा आणि खासरा पत्रक घ्या, आणि सोबत एक-ई ची नोंद, दंडाची पावती, जुने मतदार ओळखपत्र, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, स्मशानाची जागा, यात्रेचा दिवस आणि म्हाताऱ्यांचे जबाबही घ्या. वनहक्काच्या नियमांतली पुराव्याची यादी गायरानाला आणि शहरातल्या सरकारी जमिनीला लागू करा. दुसरी कसोटी उघडेपणाची. त्या जागेवर जायला कोणाला मज्जाव आहे का? जातीने, धर्माने, बाई म्हणून, भाडेकरू म्हणून? ज्या जागेवर मज्जाव आहे तिचा पवित्रपणाचा दावा त्याच क्षणी बाद. तिसरी कसोटी उत्पन्नाची. जागेतून गाळ्यांचे भाडे, पार्किंगचे पैसे, मंगल कार्यालयाची फी निघते का, आणि तिचा हिशेब कोणाला दाखवला जातो? सार्वजनिक जागेवर व्यापार उभा असेल तर तो व्यापार म्हणून मोजावा, श्रद्धा म्हणून नव्हे. चौथी कसोटी निवाऱ्याची. एखाद्या निर्णयाने कोणाचे डोक्यावरचे छप्पर जाणार असेल, तर दुसरे छप्पर आधी, पाडापाडी नंतर. देव पत्र्याविना राहू शकतो, बाळंतीण राहू शकत नाही.

या कसोट्या आपल्या जवळच्याच एका वादाला लावून पाहू. आपल्या शहरातल्या विद्यापीठामागच्या डोंगरात बारा बौद्ध लेणी आहेत, त्यांतली बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली. पायथ्याशी विहार आहे. २०२४ साली तिथल्या अतिक्रमणाच्या नोटिशीवरून वातावरण तापले आणि ऑक्टोबरात हजारो उपासक शहराच्या रस्त्यावर उतरले. काळाची कसोटी लावली तर बौद्धांचा त्या डोंगराशी असलेला संबंध या शहराच्या स्थापनेपेक्षा जुना ठरतो. दगडात कोरलेला एवढा पुरावा फार थोड्यांकडे असतो. लेण्यांकडे जायला कोणाला अडकाठी नाही. म्हणून उपासनेचा आणि देखभालीत सहभागाचा त्यांचा हक्क मान्य केलाच पाहिजे, आणि नोटीस काढण्याआधी त्यांच्याशी बोललेच पाहिजे. पण त्याच कसोट्या असेही सांगतात की लेणी हे संरक्षित स्मारक आहे आणि डोंगराच्या कुशीत उद्या कोणीही, कोणत्याही नावाने, नवे पक्के बांधकाम काढायला निघाले तर त्याला नाही म्हणावे लागेल. हक्क मान्य करणे आणि मर्यादा घालणे ही दोन्ही कामे एकाच मापाने होतात.

दोन शंका येतील. पहिली, अशाने उद्या कोणीही उठून झोपडी टाकेल आणि हक्क सांगेल. नाही, कारण काळाची कसोटी त्याच्यासाठीच आहे. जुन्याला मान द्यायचा असेल तर नव्या कब्जाला पहिल्याच दिवशी अडवावे लागते. दहा वर्षे डोळेझाक करून अकराव्या वर्षी बुलडोझर आणणारे प्रशासन कडक नसते, बेजबाबदार असते. दुसरी शंका, गावात ग्रामसभा आहे, शहरात ठरवायचे कोणी? महापालिका क्षेत्रात क्षेत्रसभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती वापरा. जागेच्या वादाची सुनावणी त्याच जागेवर घ्या, निर्णयाआधी घ्या, रविवारी घ्या म्हणजे मजुराचा रोज बुडणार नाही. आणि ज्या खात्याच्या नावावर जमीन आहे त्या खात्याच्या अधिकाऱ्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नका, कारण तो या दाव्यातला एक पक्षकार आहे.

पडेगावकरांना माझी विनंती आहे. पुढच्या क्षेत्रसभेसाठी महापालिकेकडे लेखी मागणी करा आणि तीत तीन गोष्टी मागा: प्रभागातल्या सगळ्या खुल्या जागांची आणि सरकारी जमिनींची यादी नकाशासह चावडीवर आणि शाळेच्या भिंतीवर लावावी, प्रत्येक जागेवर आज काय आहे आणि केव्हापासून आहे याची नोंद रहिवाशांसमोर करावी, आणि ही नोंद होईपर्यंत तिथे राहत्या घरावर हातोडा पडू नये आणि एकही नवा पत्रा चढू नये. तिन्ही मागण्या एकत्रच करा. घर वाचवण्याची मागणी करून पत्र्याबद्दल गप्प बसणाऱ्याला मी साथ देणार नाही, आणि पत्रा काढायला लावून घराबद्दल गप्प बसणाऱ्यालाही नाही. जो ही दोन्ही वाक्ये एका दमात, शेजाऱ्यांच्या तोंडावर बोलू शकतो, त्यालाच या मातीला पवित्र म्हणण्याचा अधिकार आहे.